आम्ही दोघांनी न दिलेलं मत

त्याचा तंबू उडून बंदरात पडला तेव्हा धक्क्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसली ती मी.

मार्चमधला शनिवार होता, आणि आमच्या पोर्थवेन गावाला मार्चमध्ये वारा असतो हे फक्त बाहेरून आलेल्यालाच सांगावं लागतं. आम्ही दोघं धक्क्यावर शेजारी शेजारी टेबलं मांडून बसलो होतो. माझ्या टेबलावर ‘युरोपीय संघातून बाहेर पडा’, त्याच्या टेबलावर ‘संघातच राहा’. जूनमध्ये सगळ्या ब्रिटननं यावर कौल द्यायचा होता, आणि तोवर गावात दुसरा विषयच नव्हता. त्यानं तंबूचे पाय विटांना बांधले होते. विटांना! मी सकाळपासून ते बघत होते आणि मुद्दाम गप्प बसले होते.

“हसून झालं असेल,” तो म्हणाला, “तर आकडीवाली काठी कुठे मिळेल तेवढं सांगाल का?”

“काठी आहे माझ्याकडे. पण तंबू आता समुद्रात आहे ना... समुद्रातलं काहीही काढायचं तर ब्रसेल्सहून तुमच्या संघाची परवानगी आणावी लागते. तुम्हीच विचारा, तुमची ओळख आहे.”

मला वाटलं, आता हा चिडेल. तो चिडला नाही. कपाळावरचे ओले तांबूस केस मागे सारत म्हणाला, “विचारलं. ते म्हणाले, आधी त्या हसणाऱ्या मुलीचं नाव विचारून घे.”

“मेरिन,” मी सांगून टाकलं, आणि लगेच स्वतःवरच वैतागले. इतक्या सहज सांगायची काय गरज होती?

“मी निनियन.”

“असलं कसलं नाव?”

“आमच्या स्कॉटलंडात चालतं. इथे नाही चालत?”

“इथे तुम्हाला मुंगी म्हणतात.” बाहेरून आलेल्या सगळ्यांनाच इंग्लंडच्या या टोकाला, आमच्या कॉर्नवॉलमध्ये, मुंग्या म्हणतात. उन्हाळ्यात रांगा लावून येतात ना, म्हणून.

तंबू माझ्याच चुलतभावानं, पेरननं होडीतून ओढून आणला. त्याची काडी न् काडी मोडली होती. तेवढ्यात बुरबुर पाऊस सुरू झाला, आणि समोर हा माणूस पत्रकांचा गठ्ठा कोटाच्या आत छातीशी धरून उभा. मला काही दगडाचं काळीज नाही.

“या माझ्या ताडपत्रीखाली. पण ती पत्रकं बाहेरच ठेवायची.”

“भिजतील.”

“म्हणून तर.”

तो आत आला. पत्रकांसकट. त्या दिवसापासून दर शनिवारी आम्ही एकाच ताडपत्रीखाली बसायला लागलो. डावीकडे बाहेर पडणारे, उजवीकडे राहणारे. लोक आधी हसायचे, मग दोघांकडची पत्रकं घेऊन जायचे. तिसऱ्या शनिवारी आमचं ‘तुम्ही’ गळून पडलं, कधी आणि कसं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

निनियन बंदराच्या टोकाला असलेल्या सागरी संशोधन केंद्रात काम करायचा. खेकडे मोजायचा, मापायचा आणि पाठीवर खूण करून परत सोडून द्यायचा. केंद्राला पैसे युरोपातून यायचे, म्हणजे हा तिकडून बोलणार हे उघडच होतं. आणि मी? मी मासळीबाजारात लिलाव पुकारते. आमची ‘ज्युडिथ’ नावाची छोटी होडी आहे, आईच्या नावाची. आई गेल्यानंतर बाबांचं त्या होडीशिवाय कशात मन लागत नाही. वर्षभरात कुठला मासा किती पकडायचा याचा कोटा युरोपीय संघाकडून ठरलेला. तो संपला की जाळ्यात आलेला मासा परत समुद्रात टाकायचा, मेलेला असला तरी. मी लहानपणापासून बाबांना ते करताना पाहिलंय. टाकताना ते दुसरीकडे बघतात. म्हणून मी बाहेर पडा म्हणत होते. कोणी शिकवलं म्हणून नाही.

हे मी निनियनला एकदा सांगितलं. त्यानं हातातली पत्रकं खाली ठेवली.

“तो नियम मूर्खपणाचाच आहे,” तो म्हणाला. “आता बदलतायत तो. मला त्याचा तुझ्याइतकाच राग येतो, मेरिन.”

“मग ये माझ्या बाजूला.”

“तुझ्याच बाजूला तर बसलोय,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं... मी उगाचच पत्रकं सारखी करायला घेतली. सारखीच होती ती.

मे महिन्यात चॅपलच्या हॉलमध्ये जाहीर वादविवाद ठरला. चहा, केशराचे बन, आणि त्यानंतर एकमेकांची डोकी फोडायची, अशी आमची पद्धत. बाहेर पडणाऱ्यांकडून मी बोलणार, राहणाऱ्यांकडून तो. पहिल्या रांगेत बोलिथो म्हातारा दोन्ही काठ्या मांडीवर घेऊन बसलेला. वय पंच्याऐंशीच्या पुढे, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. तो टेकडीवर एकटा राहतो आणि माझ्याहून कट्टर.

मी छान बोलले. खोटं कशाला बोलू? मेलेल्या माशांबद्दल बोलताना माझा आवाज कापला आणि हॉल शांत झाला. मग निनियन उठला.

“मेरिन म्हणाली त्यातलं एक अक्षरही मी खोडणार नाही,” त्यानं सुरुवात केली. “फक्त एक विचारतो. ब्रसेल्स ब्रिटनला कोटा देतं. पण तो ब्रिटनमध्ये कोणत्या होडीला किती, हे कोण ठरवतं?”

“ब्रसेल्स!” बोलिथो ओरडला.

“नाही, मिस्टर बोलिथो. लंडन. आपलंच सरकार. मोठ्या कंपन्यांच्या जहाजांना ताटभर, आणि ‘ज्युडिथ’सारख्या होड्यांना उरलंसुरलं. बाहेर पडलात तरी वाढणारा हात तोच राहणार. तो हात आधी बदला ना!”

“तू खेकडे मोज, बाळ! आम्ही आमचं बघतो!” बोलिथो म्हणाला, आणि हॉल खो खो हसला.

मी उठले. “लंडनशी भांडायचं तर आम्ही आमच्या भाषेत भांडू, आमच्या खासदाराच्या दारात जाऊन उभे राहू. ब्रसेल्सच्या कोणत्या दारात उभं राहायचं, ते सांग!”

टाळ्या मलाच जास्त पडल्या. पण लंडनची गोष्ट खरी होती, मला माहीत होती, आणि मी ती सोयीस्कर विसरले होते. त्यामुळे बाहेर पडताना माझं तोंड फुगलेलं होतं.

तो मागून आला. हातात कागदी पिशवीत मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी. “जिंकलीस की. मग हे तोंड कशानं?”

“तू बरोबर होतास म्हणून.”

“परत म्हण.”

“नाही म्हणणार. एकदा बोलीला हातोडा पडला की पडला.”

तो हसला आणि पेस्टी मोडून मोठा तुकडा मला दिला. आम्ही भिंतीवर बसून खाल्ली. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात कलल्या होत्या. त्याचं कोपर माझ्या कोपराला लागत होतं आणि दोघांपैकी कोणीच ते हलवत नव्हतं. मी मनात म्हटलं, मेरिन, तू गेलीस कामातून.

इथे माझ्या हिल्डा आत्याबद्दल सांगायला हवं. संसदेत एक जुनी पद्धत आहे. एका बाजूच्या खासदाराला मतदानाला येता येत नसेल, तर दुसऱ्या बाजूचाही एक जण मत देत नाही. लिहून काही द्यायचं नाही, नुसता शब्द. याला जोडी लावणं म्हणतात. आत्या आणि तिचा नवरा दर निवडणुकीला विरुद्ध पक्षांचे. तेव्हा दोघं जोडी लावतात, डबा भरतात आणि मतदानाच्या दिवशी कुठल्यातरी किनाऱ्यावर जाऊन झोपतात. गावात अशा बऱ्याच जोड्या आहेत. शब्द मोडलेला माणूस मात्र आमच्याकडे कोणी विसरत नाही. एकानं फार पूर्वी बायकोशी लावलेली जोडी मोडून गुपचूप मत दिलं होतं. तो वारला, तरी लोक अजून त्याचा विषय काढतात.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी हॉस्पिटलमधून फोन आला. बाबांच्या हृदयाची झडप बदलायची होती. तारीख पुढच्या महिन्यातली होती, पण कोणाची तरी जागा रिकामी झाली होती. “उद्या सकाळी सातला ट्रुरोला पोहोचा. आणि तुम्हाला रात्रही इथेच काढावी लागेल.”

चॅपलमधलं आमचं मतदान केंद्र उघडायचं सातला. टपालानं मत देण्याची मुदत केव्हाच संपलेली. मी फोन ठेवला आणि धक्क्यावर जाऊन बसले. बाबांची भीती तर होतीच. आणि त्यावर ही लाज, की चार महिने गावाला मत द्या म्हणून ओरडले आणि माझंच मत जाणार.

निनियन कुठून आला कोण जाणे. मी सगळं सांगितलं. रडले नाही... थोडीशी रडले.

“मी जोडी लावतो,” तो म्हणाला.

“काय?”

“तुला उद्या मत देता येत नाही ना? मीही नाही देणार. तुझं एक गेलं, माझं एक गेलं. झाली फिटंफाट.”

“वेडा आहेस का? चार महिने तूही घसा फोडलायस!”

“शब्द दिला, मेरिन.” त्यानं हात पुढे केला. मी हातात हात दिला. तो हात थंड होता, मिठाचा आणि खेकड्यांचा वास येणारा, आणि मला तो सोडवेना.

सकाळी गाडीत बाबांना सांगितलं, तर म्हणतात कसे, “तुला मिळाला जोडीदार. माझ्या मताला कोण?”

“गप्प पडून राहा, बाबा.”

“पोरगा बरा दिसतो,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “विटांना तंबू बांधतो, पण बरा दिसतो.”

टेकडीवरच्या तिघा म्हाताऱ्यांना, बोलिथोला आणि दोघी बहिणींना, मीच मतदानाला नेणार होते. ते काम मी पेरनवर सोपवलं आणि त्यातून डोकं काढून घेतलं. दिवसभर दुसरं काही सुचतच नव्हतं. दुपारी डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचं फडकं खाली ओढलं आणि म्हणाले, सगळं नीट झालं. नर्सनं पुढे केलेल्या खुर्चीत मी बसून घेतलं. त्या दिवसात मी दुसरं काहीही मागितलं नसतं.

सकाळी हॉस्पिटलच्या कँटीनमधल्या टीव्हीवर निकाल आला. आम्ही जिंकलो होतो. देश बाहेर पडणार होता. मी चहाचा कप हातात घेऊन उभी, आणि मनात पहिला विचार आला तो निनियनचा. त्याला कसं वाटत असेल?

तेवढ्यात आत्याचा फोन. बाबांची चौकशी झाली, आनंद झाला, आणि मग तिचा आवाज खाली गेला. “मेरिन, सांगू नये, पण सांगते. तुझा तो खेकडेवाला... काल चॅपलच्या दारात दिसला. आतून बाहेर येताना. मी स्वतः नाही पाहिलं, पण दोघींनी पाहिलंय.”

मी म्हटलं, बरं. फोन ठेवला. आणि मग त्या कँटीनमध्ये, लोक एकमेकांना टाळ्या देत असताना, मी जिंकलेल्या बाजूची मुलगी ढसाढसा रडले.

दुपारी बाबांचे कपडे आणायला घरी आले. तो धक्क्यावरच होता, रिकामे पिंजरे धुवत. मला बघून त्याचा चेहरा उजळला. “बाबा कसे आहेत?”

“चांगले आहेत. तू काल चॅपलमध्ये होतास?”

त्याचा हात थांबला. “दारापर्यंत.”

“मत दिलंस?”

“नाही.”

“मग काय प्रार्थना करायला गेला होतास?”

“लोकांना गाडीतून सोडत होतो.”

आता माझं डोकं फिरलं. “अस्सं! म्हणजे स्वतःचं एक मत दिलं नाहीस आणि गाडी भरभरून तुझी माणसं नेऊन ओतलीस! वा रे शब्द! किती नेलेस? कोणाला नेलंस?”

तो काहीतरी बोलणार होता. ओठ उघडले... आणि मिटले. “कोणाला नेलं ते सांगत नाहीत, मेरिन. तूच शिकवलंस मला.”

खरं होतं. गाडीतून नेणाऱ्यानं कोणाला मत देणार विचारायचं नाही, आणि कोणाला नेलं ते मागाहून बोलायचं नाही. आमच्याकडे हे पाळतात. मीच त्याला ताडपत्रीखाली बसून ऐटीत सांगितलं होतं. पण त्या क्षणी मला ती सबब वाटली.

“सोयीचं तेवढं बरं लक्षात राहिलं,” मी म्हणाले आणि पाठ फिरवली. तो हाक मारेल असं वाटलं. त्यानं मारली नाही.

घरी जाण्याआधी टेकडी चढून गेले. बोलिथोला बाबांची खबर द्यायची होती. म्हातारा दारातच बसला होता, अंगावर विजयाचा लाल टाय.

“शाब्बास, पोरी! बाप बरा आहे ना? उत्तम. पण तुझ्या त्या पेरनला मी सोडणार नाही! आलाच नाही काल! समुद्रावर गेला आणि विसरला. आम्ही तिघं दुपारपर्यंत टोप्या घालून बसलो होतो.”

“मग? मतदान राहिलं?”

“राहतंय कसं! घरात एकच पत्रक होतं, त्या राहणाऱ्यांचं. चहाच्या भांड्याखाली ठेवायला घेतलं होतं. त्यावर नंबर होता, ‘मतदानाला जायला गाडी हवी? फोन करा.’ केला फोन! म्हटलं, गाडी पाठव, तुझ्याविरुद्ध मत द्यायला यायचंय.”

मी पायरीवर बसले. “मग कोण आलं?”

“तुझा खेकडेवाला! दुसरं कोण? गाडीत काय तो वास! मला नेलं, मग त्या दोघी बहिणींना नेलं, त्याही आपल्याच बाजूच्या. मला तर दंडाला धरून आतल्या पायरीपर्यंत पोहोचवलं आणि तिथूनच परत फिरला. बाहेर धो धो पाऊस. मी म्हटलं, अरे बाळ, आत ये, मतही दे, कशाला भिजतोस? तर म्हणतो, नको, मिस्टर बोलिथो, शब्द दिलाय. आत मतपत्रिकेसाठी दोरीला बांधलेली पेन्सिल दिसली तर मोह होईल. माझं होईपर्यंत बाहेर भिजत उभा होता, गाढव.” म्हातारा जरा थांबला. “पोरी, तू रडतेस का? जिंकलोय आपण!”

मी टेकडी कशी उतरले ते मला आठवत नाही. इतकं हलकं वाटत होतं, की मध्येच एकटीच मोठ्यानं हसले. बाबा वाचले होते. आणि तो खोटा निघाला नव्हता. यातलं कुठलं मोठं ते मला त्या क्षणी विचारू नका.

तो संशोधन केंद्राच्या पायऱ्यांवर बसला होता, कपाळ तळहातात धरून. मी समोर जाऊन उभी राहिले. धाप लागली होती.

“तीन,” मी म्हणाले. “माझी तीन माणसं नेलीस. स्वतःचं एक दिलं नाहीस, आणि माझी तीन नेऊन दिलीस!”

“कोणी सांगितलं?”

“नेणाऱ्यानं बोलायचं नसतं. बसणाऱ्याला कोण अडवणार? आणि बोलिथोला तर देवही नाही अडवू शकत.” माझा आवाज फुटला. “मघाशी सांगितलं का नाहीस मला? मी इतकं वाट्टेल ते बोलले...”

“सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास. पण मग पुढच्या वेळी माझ्या गाडीत कोण बसलं असतं?” तो ओशाळं हसला. “आणि खरं सांगू? फोन आला तेव्हा मला एक क्षण वाटलं, उचललाच नसता तर बरं झालं असतं. वाईट वाटतंय मला, मेरिन. हरलो त्याचं. फार वाईट वाटतंय.”

“माहीत आहे.” मी त्याच्या शेजारी बसले. “मग का केलंस?”

तो बुटांकडे बघत राहिला. “मेरिन आम्हाला नेणार होती, असं बोलिथो फोनवर म्हणाला... तुझं नाव घेतलं. मग मी गाडीची किल्ली घेतली. त्यापुढचं काही ठरवलंच नाही.” मग माझ्याकडे वळला. “माझं प्रेम आहे तुझ्यावर. मार्चपासून. तू हसलीस तेव्हापासून. आता निकालही लागलाय, तेव्हा प्रचार केला असं म्हणू नकोस.”

मी त्याच्या गालाला हात लावला. तो पावसात भिजून तापला होता, वेडा. मी त्याच्या कपाळावर ओठ टेकले, मग ओठांवर. समोरून जाळी वाहून नेणारे दोघं शिट्ट्या मारत गेले. मारू देत.

“केंद्राचं काय होणार?” मी बऱ्याच वेळानं विचारलं. जिंकल्यापासून हा प्रश्न मी टाळत होते.

“दीड वर्षाचे पैसे आहेत. पुढचं ठाऊक नाही. स्कॉटलंडात ॲबरडीनला एक नोकरी आहे, पण...”

“जाऊ नकोस.”

चार महिने बाहेर पडा, बाहेर पडा म्हणून घसा बसवलेली मी, आणि माझ्या तोंडून हे दोनच शब्द निघाले. त्यालाही ते कळलं. त्याच्या डोळ्यांत हसू आलं, पण त्यानं चिडवलं नाही. त्याबद्दल मी त्याची जन्मभर ऋणी आहे.

“कारण सांग,” तो हळूच म्हणाला.

“तुझी बाजू चुकीची आहे. ताप आलाय तरी कोट घातलेला नाहीस. आणि लंडनकडून छोट्या होड्यांचा वाटा मागायचा तर आकडे लागतील, ते माझ्याकडे नाहीत.” मी थांबले. “आणि आज सकाळी आम्ही जिंकलो, तेव्हा मला काहीसुद्धा जिंकल्यासारखं वाटलं नाही, निनियन. आत्ता वाटतंय.”

त्यानं मला जवळ घेतलं. त्याचं अंग गरम होतं, आणि खांद्यावर डोकं ठेवल्यावर मला कळलं, दोन दिवस मी श्वाससुद्धा नीट घेतला नव्हता.